बावीस पेट्यांचा मध आणि मीडचा कारखाना

वाचकाचे पत्र

मी सातारा जिल्ह्यात राहतो. वय ४७. एका कारखान्याच्या देखभाल विभागात वीस वर्षे नोकरी करत आहे. जावळी तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीवर गेली नऊ वर्षे हौसेने सातेरी मधमाश्या पाळतो. सध्या २२ पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटीतून निघालेल्या मधाची नोंद मी वहीत ठेवतो. गेल्या वर्षी १३० किलो मध निघाला आणि तो ओळखीच्या लोकांतच ७०० रुपये किलोने संपला. दोन वर्षांपासून घरी काचेच्या बुधल्यांत मीड, म्हणजे मधाची वाइन, करून पाहतो. ती गोड असते, आणि ज्या मित्रांनी चाखली त्या सर्वांनी ती बाजारात आणण्याचा आग्रह केला. नोकरी सोडावी, भविष्यनिर्वाह निधी आणि थोडे कर्ज मिळून ३५ लाख रुपये उभे करावेत आणि त्याच जमिनीवर छोटी मीडरी, म्हणजे मीडचा कारखाना, काढावी आणि पुढे गोवा, बेंगळुरूलाही माल पाठवावा, असा विचार आहे. पत्नीचा विरोध नाही, पण तिची काळजी दिसते. मुलगी बारावीत आहे. माझा मध पुरेल का, परवाने कसे मिळतात, आणि नोकरी सोडण्याची हीच वेळ आहे का? घरात अजून चाळीस लिटर मीड आहे, तिचे काय करावे, हेही सांगावे.

उत्तर

नमस्कार. तुमच्या पत्रातील हिशेबाची वही मला सर्वात जास्त आवडली. नऊ वर्षांत प्रत्येक पेटीतून किती मध निघाला हे लिहून ठेवणारे मधपाळ मला फार थोडे भेटले आहेत. त्या वहीच्याच आधाराने बोलू.

मधात साधारण ८० टक्के साखर असते. सातेरीच्या मधात पाण्याचा अंश जास्त राहतो, म्हणून तुमच्यासाठी ७८ टक्के धरू. १३० किलो मधातून सुमारे १०१ किलो साखर मिळाली. दर लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. म्हणजे १२ टक्के मद्यार्काची, गोडवा न ठेवलेली मीड करायची तर लिटरमागे २०४ ग्रॅम साखर लागेल आणि तुमच्या संपूर्ण वर्षाच्या मधातून सुमारे ५०० लिटर मीड होईल. तळाचा गाळ, गाळणी आणि बाटल्या भरताना होणारी नासाडी वजा केल्यावर ७५० मिलिलिटरच्या जेमतेम ५८० बाटल्या हाती राहतील. बिअरसारखी हलकी, सहा टक्क्यांची, किंचित गोड मीड केली तर लहान बाटल्या दोन हजारांच्या आसपास भरतील. दोन्हींचा अर्थ एकच आहे: तुमच्या बावीस पेट्यांचा वर्षभराचा मध मीडरीची एक छोटी टाकी एकदाच भरू शकतो.

आता उलट बाजूने पाहू. मीडरी स्वतःच्या पायावर उभी राहायची तर तिने महिन्याला निदान हजार लिटर माल बाहेर काढला पाहिजे, असे धरा. माझ्या मते हाही आकडा लहानच आहे. हलक्या मीडसाठीसुद्धा त्याला वर्षाकाठी नासाडी धरून सव्वादोन टन मध लागेल. तुमच्या पेटीमागे सहा किलोंच्या उताऱ्याने त्यासाठी पावणेचारशे पेट्या हव्यात. एका माणसाला इतक्या पेट्या सांभाळता येत नाहीत आणि एका गावाच्या शिवारातील जांभूळ, हिरडा नि गेळा इतक्या वसाहतींना पुरतही नाहीत. जास्त मधाच्या हव्यासाने सातेरीला ओरबाडले तर ती घर सोडून निघून जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की तुमचा मध पुरणार नाही आणि तो पुरावा असा हट्टही धरू नका. मीडरी काढलीत की तुम्ही प्रामुख्याने मध विकत घेणारे कारखानदार व्हाल. मधमाश्या पाळणे आणि मीड विकणे हे एकाच कामाचे दोन टप्पे आहेत असे पत्रात गृहीत धरलेले दिसते. माझ्या मते ते दोन वेगळे व्यवसाय आहेत आणि दुसऱ्याचे साम्य पहिल्यापेक्षा नाशिकच्या वायनरीशी अधिक आहे.

मध विकत घ्यायचा म्हटले की भेसळीचा प्रश्न येतो. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने नामांकित कंपन्यांच्या मधातील साखरेच्या पाकाची भेसळ उघड केली, तेव्हा नेहमीच्या चाचण्या पार करणारा पाकही तयार होतो हे सर्वांना कळले. असा पाक आंबतो, त्यातून मद्यार्कही निर्माण होतो; पण मीडला जे हवे ते, म्हणजे फुलोऱ्याचा वास, त्यात मुळीच नसतो. इथे तुमची नऊ वर्षे कामाला येतील. जावळी, महाबळेश्वर, पाटण या भागांतील मधपाळांना तुम्ही ओळखता; कोणाच्या पेट्या कुठल्या झाडांत आहेत आणि पावसाळ्यात दिलेला साखरपाक संपण्याआधीच मधकोठी, म्हणजे पेटीवरचा मध साठवण्याचा कप्पा, कोण चढवतो, हे तुम्हाला माहीत आहे. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, जवळच २०२२ मध्ये मधाचे गाव म्हणून जाहीर झालेले मांघर आहे, आणि तपासणी व प्रशिक्षणासाठी पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. खात्रीचा, झाडानुसार वेगळा ठेवलेला मध गोळा करण्यासाठी इतकी चांगली जागा राज्यात दुसरी क्वचितच सापडेल. कारवीचेच पहा. सात-आठ वर्षांतून एकदा सह्याद्रीचे उतार जांभळे करणाऱ्या या झुडपाच्या मधाला अन्नसुरक्षेच्या राष्ट्रीय मानकात वेगळी सवलत आहे. फुलांच्या इतर मधात सुक्रोज, म्हणजे साधी साखर, पाच टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, कारवीच्या मधात ते दहा टक्क्यांपर्यंत चालते. त्या मानकात आपल्या डोंगरातल्या एका झुडपाची स्वतंत्र नोंद आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. कारवीच्या वर्षी काढलेल्या मधाची वेगळी मीड हे कोणत्याही मोठ्या कंपनीला सहज न जमणारे काम आहे.

आता कारखान्याच्या आतल्या गोष्टी. घरच्या वीस लिटरच्या बुधल्यात चांगली झालेली मीड हजार लिटरच्या टाकीत तशीच होत नाही. द्राक्षाच्या रसात यीस्टला लागणारे नत्र आणि आम्ले बऱ्यापैकी असतात, मधात ती फारच कमी. नत्र कमी पडले की यीस्ट अडखळते, कुजक्या अंड्यासारखा वास सोडते आणि कधी कधी अर्ध्यावरच थांबते. म्हणून पोषक द्रव्ये एकदम न टाकता आंबण्याच्या पहिल्या तृतीयांश काळात थोडी थोडी द्यावी लागतात आणि आम्लता रोज मोजावी लागते, कारण मधाचे पाणी आम्लतेतील बदल सावरून धरू शकत नाही. दुसरी बाब तापमानाची. वाइनच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आंबताना टाकी स्वतःही तापते. लहान बुधल्यातून ती उष्णता निघून जाते, मोठ्या टाकीत साठून राहते. तीस अंशांच्या वर गेलेली मीड घशाला जळजळीत लागते आणि ती मवाळ व्हायला वर्ष लागते, तेवढे दिवस भांडवल टाकीत अडकून राहते. म्हणून दुहेरी भिंतीच्या स्टीलच्या टाक्या, थंड करणारे यंत्र, आणि जावळीच्या पावसाळ्यात वीज जाते तेव्हा चालणारा जनरेटर हा किमान खर्च आहे. तुम्ही पत्रात वीस वर्षांच्या देखभालीच्या नोकरीचा उल्लेख ओझरता केला आहे. मला ती तुमची मोठी पुंजी वाटते. पंप, शीतयंत्र, झडपा स्वतः दुरुस्त करू शकणारा मालक या धंद्यात दुर्मीळ आहे.

तिसरी बाब मी थोडी विस्ताराने सांगतो, कारण तिथे माणसे जखमी होतात. तुमच्या मित्रांना आवडलेली मीड गोड होती, असे तुम्ही लिहिले आहे. गोड मीडमध्ये जिवंत यीस्ट राहिले तर ते बाटलीत पुन्हा कामाला लागते. शॅम्पेनच्या जाड बाटलीत दर लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर दुसऱ्यांदा आंबवतात आणि त्यातून हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सहापट दाब तयार होतो. लिटरमागे ३० ग्रॅम गोडवा ठेवलेली मीड साध्या पातळ बाटलीत आंबू लागली तर काय होईल, याची कल्पना करा. काही वर्षांपूर्वी फळांच्या वाइनच्या एका छोट्या कारखान्याला मी सल्ला देत होतो. मालाची घाई होती, म्हणून बारीक गाळणीनंतरची यीस्टची तपासणी एका खेपेपुरती वगळण्यास मी संमती दिली. मे महिन्यात गोदामात बाटल्या फुटू लागल्या आणि त्या हलवणाऱ्या मुलाच्या तळहाताला सात टाके पडले. ती संमती माझी होती आणि ती चूक होती. गोड मीड करायची असेल तर निर्जंतुक गाळणी, गरम पाण्याच्या फवाऱ्याखाली बाटल्यांचे पाश्चरीकरण, किंवा मान्य प्रमाणातील सल्फाइट व सॉर्बेट ही यीस्ट रोखणारी द्रव्ये यांपैकी एक व्यवस्था पहिल्या दिवसापासून हवी, आणि प्रत्येक खेपेच्या काही बाटल्या उबेत ठेवून पाहिल्याशिवाय माल बाहेर जाता कामा नये. पुण्याजवळ मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये वाइन आणि मद्यार्काच्या तंत्रज्ञानाचे शिक्षण दिले जाते. तिथे शिकलेला एखादा तरुण जाणकार हाताशी असल्याशिवाय टाकी भरू नका, असे मी आग्रहाने सांगेन.

परवान्यांविषयी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा तुरुंगवास आणि दंड होऊ शकणारा गुन्हा आहे. मग ते घरी केलेले असो, थोडे असो, की केवळ मित्रांसाठी असो. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो. पुण्याची मूनशाइन मीडरी आणि नाशिकची सेराना मीड्स यांनी आधीच वाट पाडली असल्यामुळे मीड म्हणजे काय, हे त्या विभागाला पहिल्यापासून समजावून सांगावे लागणार नाही. परंतु अर्ज करण्यापूर्वी जिल्हा अधीक्षक कार्यालयात जाऊन तुमच्या मीडला कोणता परवाना, कोणते शुल्क आणि कोणती सवलत लागू होईल, हे लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. द्राक्षाच्या वाइनला मिळणारी प्रत्येक सवलत मधाच्या वाइनला आपोआप मिळेल, असे गृहीत धरून हिशेब मांडू नका. त्याखेरीज जमिनीचा अकृषक वापर, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, अन्नसुरक्षा परवाना, लेबलची मंजुरी आणि त्यावरचा आरोग्याचा वैधानिक इशारा, टाकीत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या प्रत्येक लिटरची नोंद, हे सर्व येते. ही कागदपत्रे पूर्ण होईपर्यंत कर्जाचे हप्ते चालूच राहतात.

जमिनीचा प्रश्न मला कागदपत्रांपेक्षा मोठा वाटतो. ज्या जावळी तालुक्यात स्त्रियांनी रांगा लावून मतदान केले, बाटली आडवी केली आणि दारूची दुकाने बंद पाडली, त्याच तालुक्यात तुम्ही मद्याचा कारखाना काढू पाहत आहात. ते मतदान विक्रीच्या दुकानांविषयी होते, उत्पादनाविषयी नव्हते, असा कायद्याचा मुद्दा कोणी मांडेल. तो बरोबरही असेल. तरीही ज्या घरांनी दारूमुळे हाल सोसले आणि ज्या बायकांनी धमक्यांना न जुमानता तो लढा दिला, त्यांच्या दारात हा कारखाना उभा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या ज्यांच्याकडून तुम्हाला मध घ्यायचा आहे ती हीच घरे आहेत.

पैशांच्या बाबतीत दोन गोष्टी तुमच्या आराखड्यातून निसटल्या आहेत. मद्य वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहे. त्यामुळे टाक्या, बाटल्या, बुचे आणि खोकी यांवर भरलेला जीएसटी तुम्हाला विक्रीवरच्या कराशी वळता करून घेता येत नाही. तो सरळ खर्चात जातो. दुसरी गोष्ट, प्रत्येक राज्याचे लेबल नोंदणीचे शुल्क, परवाने आणि मूल्यवर्धित कर वेगळे असतात. गोवा किंवा बेंगळुरूला माल पाठवू, असे एका वाक्यात लिहिणे सोपे आहे, पण पाचशे बाटल्यांसाठी ते शुल्क परवडत नाही. मद्याची उघड जाहिरातही करता येत नाही. कच्च्या मालाचाही विचार करा. वाइनच्या एका बाटलीला साधारण सव्वा किलो द्राक्षे लागतात आणि त्यांचा किलोचा भाव दोन आकडी असतो. तुमच्या १२ टक्क्यांच्या मीडच्या बाटलीला नासाडी धरून २२५ ग्रॅम, म्हणजे तुमच्याच भावाने दीडशे रुपयांपेक्षा जास्त किमतीचा मध लागेल. बाटली, बूच, कर आणि दुकानदाराचे कमिशन त्यावर चढवल्यावर ती महाग वाइनच्या शेजारी उभी राहणार. तिथे ग्राहकाने ती उचलावी यासाठी कारण लागते, आणि चांगले कारण जांभळाच्या किंवा कारवीच्या मधाची चव हेच असू शकते. म्हणून स्वस्त मध घेऊन किंमत उतरवण्याच्या मार्गाला लागू नका.

मग करावे काय? माझ्या मते या वर्षी मद्याला हात न लावता मधाचे काम करावे. येत्या हंगामात जांभळाचा, हिरड्याचा आणि मिश्र फुलोऱ्याचा मध वेगवेगळा काढा, प्रत्येक खेपेतील पाण्याचा अंश रिफ्रॅक्टोमीटरने मोजा, पोळ्याच्या कोठड्या मेणाने पुरत्या बंद झाल्याशिवाय मध काढू नका, आणि अन्नसुरक्षा नोंदणी करून बाटलीवर गाव, झाड आणि महिना लिहा. असा मध ७०० ऐवजी १,००० रुपयांनी गेला तर १३० किलोंवर ३९,००० रुपये अधिक मिळतील, आणि त्यासाठी उत्पादन शुल्क विभागाची पायरी चढावी लागणार नाही. याच वर्षी दहा-बारा मधपाळांशी बोलून, त्यांचा मध तपासून, पुढील वर्षासाठी आगाऊ भाव ठरवा. तो भाव व्यापारी देतो त्यापेक्षा थोडा जास्त असू द्या.

त्यानंतरच्या वर्षी स्वतःचा कारखाना न बांधता परवाना असलेल्या वायनरीकडे जा. दुसऱ्याच्या वायनरीत आपल्या नावाची वाइन तयार करून घेण्याची पद्धत नाशिक भागात परिचयाची आहे. वाइनच्या द्राक्षांची काढणी डिसेंबरअखेरीपासून एप्रिलपर्यंत चालते. तुमचा उन्हाळी मध त्यानंतर तयार होतो, तेव्हा वायनरीवर काढणीची धांदल नसते. वायनरीच्या परवान्यात मीड बसते का आणि लेबल कोणाच्या नावाने मंजूर होईल, हे आधी स्पष्ट करून, एका टाकीचा लेखी करार करा. मध तुमचा, कृती तुम्ही दोघांनी ठरवलेली, तपासणीची जबाबदारी कोणाची हे नोंदवलेले, आणि माल बिघडला तर नुकसान कोणी किती सोसायचे हेही लिहिलेले असावे. या प्रयोगावर पाच लाखांपेक्षा जास्त रक्कम खर्च करू नका. त्या पाचशे बाटल्या अनोळखी लोकांनी पूर्ण किमतीला घेतल्या, आणि त्यांतील काहींनी दुसऱ्यांदा मागितल्या, तर स्वतःच्या टाक्यांचा विचार सुरू करता येईल. तोही जावळीबाहेरच्या जागेवर. मित्रांनी फुकट चाखून केलेली स्तुती खोटी नसते, पण तिच्यावरून विक्रीचा अंदाज बांधता येत नाही.

नोकरी सोडण्याची वेळ अजून आलेली नाही, हे आता वेगळे सांगण्याची गरज नसावी. वरील दोन्ही वर्षांचे काम शनिवार-रविवार आणि साठवलेल्या रजेत होऊ शकते, जसे तुमचे मधमाशीपालन नऊ वर्षे झाले. भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नका आणि मुलीच्या पुढील शिक्षणाची रक्कम आजच वेगळ्या खात्यात बाजूला काढा. पत्नीचा विरोध नाही असे तुम्ही लिहिता, पण त्यांची काळजी तुम्ही वाचलेली आहे. तेव्हा हे आकडे, विशेषतः पावणेचारशे पेट्यांचा आणि पाच लाखांच्या मर्यादेचा, त्यांच्यासमोर मांडा आणि ती मर्यादा ओलांडायची की नाही हा निर्णय दोघांच्या संमतीनेच होईल, असे ठरवून टाका. बारावीतल्या मुलीलाही ते ऐकू द्या. तिला घरातील ताण जाणवत असणारच.

राहता राहिली घरातील चाळीस लिटर मीड. ती विकू नका, कोणाला भेट देऊ नका, नमुना म्हणून वायनरीकडेही नेऊ नका. तिच्यात गेलेल्या मधाची आणि दोन हिवाळ्यांच्या मेहनतीची किंमत मला कळते, तरीही बुधले रिकामे करा आणि हे काम लांबवू नका. त्यापूर्वी प्रत्येक बुधल्यात कोणत्या महिन्याचा मध होता, किती पाणी घातले, कोणते यीस्ट वापरले, आंबणे किती दिवस चालले आणि चव कधी बदलली, हे सारे तुमच्या वहीत उतरवून घ्या. वायनरीत पहिली टाकी भरताना तीच वही तिथल्या तंत्रज्ञासमोर ठेवायची आहे.